माजी सैनिकाच्या अंत्ययात्रेत स्वयंसेवक म्हणून जाताना: अमेरिकेतल्या नवख्यांसाठी

आपल्याकडे मयताला बोलावणं लागत नाही. कळलं की पायात चपला सरकवून निघायचं. अमेरिकेत माजी सैनिकाच्या अंत्ययात्रेला मोटारसायकली आणि झेंडे घेऊन जे स्वयंसेवक जातात, त्यांचा पहिला नियम याच्या बरोबर उलटा आहे: घरच्यांनी बोलावलं तरच जायचं. हायवेवर शववाहिकेच्या पुढेमागे बाइकस्वारांची लांबलचक रांग पाहून ‘आपणही यात जावं का?’ असं वाटलेले मराठी लोक मला बरेच भेटतात. घरी बाइक असते, सुट्टीला ती काढायची हौस असते, शेजारचे व्हिएतनामला जाऊन आलेले आजोबा नुकतेच गेलेले असतात. पण विचारायचं कुणाला, तिथे नक्की काय करतात, आपण सैन्यात नव्हतो तर चालेल का, हे कुणी सांगत नाही. ते सगळं इथे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यात बाइक चालवणं हा लहानसा भाग. बाकीचा वेळ उभं राहण्यात आणि वाट बघण्यात जातो. ते जमणार असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

हे लोक कोण?

२००५ साली कॅन्ससमधल्या टोपीका शहरातलं वेस्टबोरो बॅप्टिस्ट चर्च इराक आणि अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या अंत्यविधीबाहेर निदर्शनं करत फिरत होतं. अमेरिका समलैंगिकांना सहन करते म्हणून देव तिचे सैनिक मारतो, असा त्यांचा दावा, आणि त्याच आशयाचे फलक हातात. ज्यांचा मुलगा गेला त्या आईबापांना चर्चच्या दारात ते वाचावं लागे. त्याच राज्यातल्या मलव्हेन गावच्या अमेरिकन लीजन रायडर्सच्या, म्हणजे अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेतल्या बाइकस्वारांच्या, शाखेने ठरवलं, की भांडायचं नाही, नुसतं मध्ये उभं राहायचं. एका बाजूला निदर्शक, दुसऱ्या बाजूला कुटुंब आणि मधे झेंडे धरलेल्या माणसांची रांग. त्यातून त्या वर्षाच्या अखेरीस पेट्रियट गार्ड रायडर्स ही देशभरची संघटना उभी राहिली.

आज बहुतेक ठिकाणी निदर्शक नसतातच. बरीचशी कामं कोरिया, व्हिएतनाम, आखाती युद्ध पाहिलेल्या आणि पुढे म्हातारपणाने किंवा आजाराने गेलेल्या सैनिकांची असतात. रांग मात्र तशीच उभी राहते. निदर्शकांना आडोसा म्हणून सुरू झालेली गोष्ट कुटुंबांना आपलीशी वाटली आणि टिकली.

अमेरिकन लीजन रायडर्स ही संघटना याहून जुनी. १९९३ मध्ये मिशिगनमधल्या गार्डन सिटीच्या लीजन पोस्टमध्ये, म्हणजे लीजनच्या स्थानिक शाखेत, ती सुरू झाली. पण तिच्यात यायला लीजनचं किंवा तिच्या संलग्न संस्थांचं सभासदत्व लागतं, म्हणजे स्वतःची किंवा घरातल्या कुणाची लष्करी सेवा असावी लागते. आपल्यातल्या बहुतेकांना ते दार बंद असल्याने हा लेख मुख्यतः पेट्रियट गार्डला धरून आहे. शिष्टाचार दोन्हीकडे जवळपास सारखेच.

नाव नोंदवणं आणि मिशन शोधणं

पेट्रियट गार्डच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. सैन्यात असण्याची अट नाही आणि मोटारसायकल असण्याचीही नाही. राजकीय मतं कुणी विचारत नाही. युद्धाला ठाम विरोध असलेली माणसंही या रांगेत उभी असतात. मृत सैनिक आणि त्याच्या घरच्यांविषयी आदर, एवढीच अपेक्षा. बाइक हार्लेच हवी असंही काही नाही. तिथे हार्ले जास्त दिसतील हे खरं, पण एनफिल्डवर गेलात तर दोन-तीन म्हातारे हमखास जवळ येऊन कौतुकाने चौकशी करतील.

प्रत्येक राज्याला एक स्टेट कॅप्टन असतो, त्याच्या हाताखाली ठिकठिकाणचे राइड कॅप्टन. यांच्या बोलण्यात प्रत्येक अंत्यविधी म्हणजे ‘मिशन’. कुटुंबाने, किंवा त्यांच्या वतीने फ्युनरल डायरेक्टरने (अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक), विनंती करायची. कॅप्टन घरच्यांशी बोलून त्यांना काय हवं, काय नको ते विचारून घेतो. मग मिशन जाहीर होतं. कुटुंबाकडून एक पैसाही घेतला जात नाही.

वर्तमानपत्रात निधनाची बातमी वाचली म्हणून स्वतःहून झेंडा लावून जाऊ नका, मग मनात कितीही आदर असो. काही घरांना गाजावाजा नको असतो. काही सैनिकांनीच सांगून ठेवलेलं असतं की माझ्या मागे असलं काही करू नका. तुमच्या ओळखीच्या घरात कुणी माजी सैनिक गेले असतील, तर अशी सोय आहे हे घरच्यांच्या कानावर घालायला हरकत नाही. पण एकदाच सांगा, आणि विनंती त्यांची त्यांना करू द्या.

अशा वेळी घरच्यांना कागदपत्रांची मदत लागली तर ही माहिती उपयोगी पडते. सरकारी मानवंदना मिळायला सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला लागतो, त्याला सगळे डीडी-२१४ म्हणतात, आणि सेवेचा शेवट बेअब्रूने झालेला नसावा लागतो. मानवंदनेची व्यवस्था बहुधा फ्युनरल डायरेक्टरच करतो, म्हणून तो कागद सर्वांत आधी त्याच्या हाती द्यायचा. कागद सापडला नाही तर सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे अर्ज करता येतो. तिथे १२ जुलै १९७३ ला मोठी आग लागली होती आणि १ कोटी ६० लाखांहून अधिक फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात सैन्यातून बाहेर पडलेल्यांच्या भूदलाच्या फायलींचा त्यात सर्वाधिक नाश झाला, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातल्या किंवा कोरियातल्या सैनिकाचा कागद मिळवताना इतर पुरावे जुळवावे लागू शकतात. म्हणून घरातल्या जुन्या ट्रंका, बँकेचे लॉकर आधी नीट पाहायला सांगा.

सूचना कशी वाचायची

मिशनच्या सूचनेत बऱ्याच वेगवेगळ्या वेळा दिलेल्या असतात आणि नवा माणूस तिथेच गोंधळतो. ‘स्टेजिंग’ म्हणजे जमायची जागा, बहुधा एखाद्या दुकानाचं मोठं पार्किंग किंवा पेट्रोल पंप. ‘ब्रीफिंग’ला कॅप्टन सगळं समजावतो. ‘केएसयू’ असं लिहिलेलं असेल तर ती किकस्टँड उचलून निघायची वेळ. त्या मिनिटाला चाकं फिरायला लागतात, त्या मिनिटाला हेल्मेट शोधायचं नसतं. काही मिशनमध्ये फक्त झेंड्यांची रांग असते, बाइकचा ताफा नसतो. काहींत विमानतळापासून फ्युनरल होमपर्यंत (पार्थिव ठेवून अंत्यविधीची तयारी करतात ती जागा), तिथून चर्च, तिथून दफनभूमी असा दिवसभराचा कार्यक्रम असतो. परदेशात कामगिरीवर असताना मृत्यू झालेल्या सैनिकाचं पार्थिव सहसा आधी डेलावेअरमधल्या डोव्हर हवाई तळावर येतं आणि मग गावाजवळच्या विमानतळावर. अशा वेळी गर्दी मोठी असते, पोलिसांचा बंदोबस्त कडक असतो. पहिल्या खेपेला असलं मिशन निवडू नका. एखाद्या वृद्ध माजी सैनिकाचा साधा, जवळपासचा अंत्यविधी निवडा.

राष्ट्रीय दफनभूमींत अंत्यविधी सहसा सोमवार ते शुक्रवारच होतात. रांगेत निवृत्त मंडळी जास्त दिसतात त्याचं एक कारण हेच. नोकरी करणाऱ्याने अर्धा दिवस रजा धरूनच बेत करावा. ‘दोन मीटिंगांच्या मधे जाऊन येतो’ हे जमत नाही.

तयारी

मोटारसायकलचा वेगळा परवाना, म्हणजे लायसन्सवर एम वर्गाची नोंद, आणि विमा हवाच. भारतात वीस वर्षं बाइक चालवली असली तरी इथला मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा प्राथमिक कोर्स करून घ्या. आणि गटात चालवण्याचा पहिला अनुभव अंत्ययात्रेत घेऊ नका. आधी कुणाबरोबर तरी चार-सहा बाइकच्या गटात दोनदा फिरून या.

टाकी स्टेजिंगच्या आधीच पूर्ण भरा. ताफा निघाल्यावर पेट्रोलला थांबता येत नाही. अंत्ययात्रा गावात अगदी हळू चालते आणि हवेवर थंड होणारं इंजिन उन्हाळ्यात अशा चालीला तापतं. हळू चालताना अर्धा क्लच धरून तोल सांभाळण्याचा सराव रिकाम्या पार्किंगमध्ये करून ठेवा. खरी कसोटी तिथे लागते, हायवेवर नाही.

कपडे स्वच्छ असले की पुरे. जीन्स, बूट, जाकीट चालतं. सुटाबुटाची कुणी अपेक्षा करत नाही. जाकिटावरचे बिल्ले चालतात, पण राजकीय घोषणा, शिव्या, चावट चित्रं असलेलं काहीही घरी ठेवा. पाणी, टोपी, रेनकोट, हातमोजे घ्या. कॅप्टनकडे बहुधा गाडीभर झेंडे असतात, त्यामुळे पहिल्या वेळी स्वतःचा झेंडा आणायची गरज नाही.

बाइकला झेंडे लावायचे असतील तर अमेरिकेचा राष्ट्रध्वज उजव्या बाजूला, म्हणजे चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला. डाव्या बाजूला सैन्यदलाचा किंवा युद्धकैदी व बेपत्ता सैनिकांचा तो काळा झेंडा लावता येतो, मात्र राष्ट्रध्वजाहून उंच नको. दांडा चारही बाजूंनी हलवून पाहा. हायवेच्या वाऱ्यात सैल दांडा सुटून मागच्या माणसावर गेला तर काय होईल याची कल्पना करून नट आवळा. आणि चिंध्या झालेला झेंडा लावून येण्यापेक्षा झेंड्याशिवाय आलेलं बरं.

स्टेजिंगच्या जागी

दिलेल्या वेळेच्या थोडं आधीच पोचा. कॅप्टनला शोधा, पहिलीच वेळ आहे असं सरळ सांगा. ते लपवण्यात काही शहाणपण नाही. सांगितलं की तुमच्या शेजारी कुणीतरी जुनं माणूस दिलं जातं आणि पुढचे चार तास तुमची काळजी मिटते. हजेरीचा कागद असेल तर सही करा. ब्रीफिंगमध्ये ज्यांच्यासाठी आलो त्यांचं नाव, दल, कुठे लढले हे सांगतात. ते नीट ऐका, निदान नाव आणि दल तरी लक्षात ठेवा. नंतर घरचं कुणी येऊन बोललं, तर ‘आपल्या आजोबांनी नौदलात काढलेली वर्षं’ माहीत असलेला माणूस आणि नुसता आलेला माणूस यात त्यांना फरक कळतो. पुष्कळदा छोटी प्रार्थना होते, ती ख्रिस्ती असते. तुमची श्रद्धा वेगळी असेल तर मान खाली घालून शांत उभं राहणं पुरेसं आहे.

जुनी मंडळी इथे चेष्टामस्करी करताना दिसतील, मिठ्या मारताना दिसतील. बिचकू नका. ही मोकळीक स्टेजिंगपुरती. फ्युनरल होमच्या आवारात शिरताच आवाज बंद होतात.

झेंड्यांची रांग

या सगळ्या कामाचा गाभा म्हणजे ही रांग, फ्लॅग लाइन. चर्चच्या किंवा फ्युनरल होमच्या दारापासून वाहनांच्या जागेपर्यंत दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहतात, प्रत्येकाच्या हाती झेंडा, आणि मधून कुटुंब जातं. बाहेरून पाहताना सोपं वाटतं.

दोन माणसांत एवढं अंतर ठेवा, की वारा आला तरी झेंडे एकमेकांत गुंतणार नाहीत. दांडा सरळ उभा, खालचं टोक बुटाजवळ जमिनीवर. कापड मात्र जमिनीला कधीही लागू द्यायचं नाही. वारा जोरात असेल तर मोकळ्या हाताने कापडाचं टोक दांड्याशी धरून ठेवा, नाहीतर तुमचा झेंडा नेमका विधवा बाईंच्या तोंडावर फडफडतो. राष्ट्रध्वज कुणापुढेही झुकवायचा नाही, शवपेटी जवळून गेली तरी. सैन्यदलांचे झेंडे लावायचे असतील तर त्यांचा क्रम ठरलेला आहे: भूदल, मरीन कोअर, नौदल, हवाई दल, स्पेस फोर्स, मग कोस्ट गार्ड. ती मांडणी कॅप्टन करतो, आपण त्याने दाखवलेल्या जागी उभं राहायचं.

मग वाट बघणं. पंधरा मिनिटं सांगितलेली असतात आणि पाऊण तास होतो. गुडघे ताठ आवळून उभे राहू नका. ताठ गुडघ्यांनी पायांतलं रक्त वर चढायला वेळ लागतो आणि उन्हात तर माणूस उभ्या उभ्या कोसळतो. कवायतीच्या पहिल्या दिवशी हे सैनिकांनाही शिकवतात. गुडघे किंचित सैल, बोटं बुटांत अधूनमधून हलवत राहायचं. रांगेत चक्कर येतेय असं वाटलं तर हट्टाने उभं राहू नका, शेजाऱ्याला झेंडा द्या आणि मागे सरून सावलीत बसा. रांगेच्या मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन फिरणारं कुणीतरी असतंच आणि त्यांना याची सवय असते.

गप्पा नाहीत, सिगारेट नाही, च्युइंगम नाही, फोन बंद. शववाहिका आली किंवा शवपेटी बाहेर आली की कॅप्टन हलक्या आवाजात ‘प्रेझेंट आर्म्स’ म्हणतो. माजी सैनिक सलामी देतात. साध्या कपड्यांतही त्यांना तो अधिकार आहे. आपण सैन्यात नव्हतो तर सलामी ठोकायची नाही. टोपी काढून उजवा हात छातीवर, डाव्या बाजूला ठेवायचा. ‘ऑर्डर आर्म्स’ झालं की हात खाली. उत्साहाच्या भरात कडक सॅल्यूट मारणारे नवखे दरवेळी एक-दोन निघतात आणि शेजारचे जुने सैनिक काही बोलत नसले तरी त्यांना ते खटकतं.

कुटुंब समोरून जाताना नजर सरळ ठेवा. कुणी डोळ्यांत पाहिलं तर मान हलवा. कुणी थांबून हात हातात घेतला तर हात द्या. लहान मुलं झेंड्याला हात लावायला येतात, येऊ द्या.

ताफ्यात चालवताना

राइड कॅप्टन पुढे, त्याच्यामागे अनुभवी स्वार, नवे मागच्या बाजूला, तीनचाकी बाइक त्यांच्यामागे आणि कार सगळ्यांत शेवटी. बाइकवाले कारला ‘केज’ म्हणतात, म्हणजे पिंजरा. ‘केजेस मागे’ अशी हाक ऐकू आली तर ती तुमच्या होंडा कारला आहे. शववाहिकेचं आणि घरच्यांच्या गाड्यांचं स्थान कॅप्टन आणि फ्युनरल डायरेक्टर मिळून ठरवतात. शववाहिकेच्या आणि घरच्यांच्या गाड्यांच्या मधे काही झालं तरी शिरायचं नाही.

चालण्याची पद्धत नागमोडी: पहिला लेनच्या डाव्या भागात, त्याच्या मागचा उजव्या भागात, तिसरा परत डाव्या. समोर तिरपा असलेल्यापासून किमान एक सेकंद आणि आपल्याच ओळीतल्या पुढच्यापासून किमान दोन सेकंद अंतर. काही कॅप्टन दोघा-दोघांची जोडी लावतात, ते पोलिसांचा बंदोबस्त असताना आणि अनुभवी स्वारांनाच. तुम्हाला जोडीत चालवायला अवघड वाटलं तर आधीच सांगा. अंतर वाढलं म्हणून वेग मारून भरून काढू नका. मागे असलेल्यांची त्याने लांबलचक ओढाताण होते.

चौकांचं तेवढं डोक्यात पक्कं बसवा. अंत्ययात्रेला लाल दिव्यातून जाऊ द्यायचं की नाही, पुढची गाडी गेल्यावर मागच्यांना हक्क मिळतो की नाही, याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. वाहतूक अडवणं हे पोलिसांचं काम आहे. स्वयंसेवकाने आपली बाइक चौकात आडवी घालून हात वर करणं रुबाबदार दिसतं, पण बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहे आणि त्यात माणसं जखमी होतात. पोलीस नसतील आणि दिवा लाल झाला तर थांबा. ताफा तुटला तर तुटला, पत्ता तुमच्या खिशात आहे.

इंजिन उगाच रेस करायचं नाही. हा मुद्दा लिहायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण ती येते. सैनिक स्वतः बाइकवाला होता आणि घरच्यांनीच तसा निरोप मागितला, तर कॅप्टन सांगेल. एरवी दफनभूमीच्या फाटकातून जितकं शांत जाता येईल तितकं.

दफनभूमीत काय घडतं

राष्ट्रीय दफनभूमीत विधी सहसा खड्ड्याजवळ होत नाही. छप्पर असलेली एक उघडी शेड असते, कमिटल शेल्टर, तिथे साधारण वीस मिनिटांत उरकतो. तुमच्या मागे दुसरं कुटुंब वाट पाहत असतं, म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांनी सांगितलेल्या जागी बाइक लावून पटकन रांग धरायची.

१ जानेवारी २००० पासून लागू असलेल्या कायद्याने प्रत्येक पात्र माजी सैनिकाला, घरच्यांनी मागितल्यास, किमान दोन गणवेशधारी सैनिकांची मानवंदना मिळते. त्यातला एक तरी मृताच्याच दलाचा असतो. ते ध्वजाची घडी घालून तो घरच्यांच्या हाती देतात आणि ‘टॅप्स’ वाजते. ही चोवीस स्वरांची धून अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ साली, व्हर्जिनियातल्या हॅरिसन्स लँडिंगच्या छावणीत जनरल डॅनियल बटरफील्ड यांच्या हाताखाली रूपाला आली. बिगुल वाजवणारे आता पुरेसे मिळत नाहीत, म्हणून बऱ्याचदा बिगुलाच्या तोंडात बसवलेल्या लहानशा यंत्रातून धून वाजते आणि सैनिक बिगुल ओठाला लावून उभा राहतो. हे कळलं तरी चेहऱ्यावर काही दाखवू नका. घरच्यांना त्या क्षणी ते ठाऊक असण्याची गरज नसते.

शवपेटीवरचा ध्वज पाच फूट बाय साडेनऊ फूट. ताऱ्यांचा निळा भाग डोक्याच्या बाजूला, मृताच्या डाव्या खांद्यावर येईल असा. घडी तेरा वळणांची आणि शेवटी निळ्या त्रिकोणाची. देणारा सैनिक गुडघ्यावर बसून राष्ट्राध्यक्ष, ते दल आणि कृतज्ञ राष्ट्राच्या वतीने हा ध्वज स्वीकारावा असं ठरलेलं वाक्य म्हणतो. तोवर ‘प्रेझेंट आर्म्स’ चालू असतं, हात भरून येतो. हलवू नका.

बंदुकीच्या फैरी दरवेळी नसतात. असतील तर त्या बहुधा गावातल्या लीजन किंवा व्हीएफडब्ल्यू (परदेशी युद्धांत लढलेल्या माजी सैनिकांची संघटना) पोस्टचे म्हातारे स्वयंसेवक झाडतात. तीन फैरी, बऱ्याचदा सात जणांच्या. सात त्रिक एकवीस म्हणून लोक त्याला एकवीस तोफांची सलामी म्हणतात, पण ती वेगळी आणि खरोखरच्या तोफांची. पहिला आवाज दचकवतो. तुमच्या शेजारी युद्ध पाहिलेला माणूस असेल तर त्याच्यावर लक्ष असू द्या. काही जण फैरींआधी मुद्दाम लांब जाऊन उभे राहतात. त्यांना परत बोलावू नका.

निदर्शक आलेच तर

पाठ फिरवा. बोलू नका, घोषणा देऊ नका, त्यांचे फोटो काढू नका. झेंडे आणि पाठी यांची भिंत करून कुटुंबाला ते दिसू नयेत एवढंच करायचं. ते चिडवण्यासाठीच आलेले असतात आणि कुणी अंगावर गेला तर कोर्टात जाणारेही तेच असतात. इराकमध्ये २००६ साली मृत्यू पावलेल्या, मरीन कोअरमधल्या मॅथ्यू स्नायडर यांच्या वडिलांनी या चर्चवर भरलेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०११ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी चर्चच्या बाजूने निकाल लागला, कारण सार्वजनिक जागी, सार्वजनिक विषयावर बोलण्याचं स्वातंत्र्य. म्हणजे त्यांना हाकलण्याचा अधिकार तुम्हाला नाही. अंतराची बंधनं मात्र कायद्याने आहेत. २००६ साली राष्ट्रीय दफनभूमींसाठी असा पहिला कायदा झाला आणि २०१२ मध्ये तो कडक करून विधीच्या आधी व नंतर दोन-दोन तास, तीनशे फुटांच्या आत निदर्शनांना मनाई केली गेली. कोण किती फुटांवर उभा आहे ते मोजायला पोलीस असतात.

ज्यांचं कुणीच नाही

माझ्या मते नव्या माणसाने लवकरात लवकर अशा एखाद्या मिशनला जावं. काही माजी सैनिक बेघर अवस्थेत, काही वृद्धाश्रमात एकटे जातात आणि मागे कुणीच नसतं. काहींच्या अस्थी फ्युनरल होमच्या फळीवर वर्षानुवर्षं पडून राहतात. ‘मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट’ ही संस्था २००७ पासून अशा अस्थी शोधते, त्या सैनिकाच्या असल्याची खात्री करून घेते आणि मानवंदनेसह त्यांना दफन मिळवून देते. त्यांच्या मिशनला पेट्रियट गार्ड नेहमी जातं. अस्थिकलश एकेक करून स्वयंसेवकांच्या हातून हातात जातो आणि शेवटी ध्वज घ्यायला कुणी नसतं, म्हणून जमलेल्यांतल्या एकाला तो स्वीकारावा लागतो. तुम्हाला विचारलं तर ‘मी नवा आहे’ म्हणून मागे सरू नका. दोन्ही हातांनी, छातीशी धरून घ्यायचा, त्रिकोणाचं टोक वर. नंतर तो कुणाकडे ठेवायचा ते कॅप्टन सांगतो.

बाइक नसलेल्यांना इथे भरपूर काम आहे, कारण इथे माणसं हवी असतात, ताफा नाही. अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत तर यासाठी बायकांचा वेगळा गटच आहे. १९४८ मध्ये हवाई दलप्रमुखांच्या पत्नी ग्लॅडिस व्हँडेनबर्ग यांनी पाहिलं, की काही सैनिकांना निरोप द्यायला पाद्री आणि पथकाखेरीज कुणीच नसतं, आणि त्यांनी मैत्रिणींना घेऊन जायला सुरुवात केली. नंतर इतर दलांनीही तो पायंडा उचलला.

सैनिक हिंदू असेल तर? सरकार देतं त्या स्मृतिशिलेवर श्रद्धेचं चिन्ह कोरता येतं आणि मंजूर चिन्हांच्या यादीत हिंदू चिन्ह आहे, शीख चिन्हही आहे. दहन केलेल्या अस्थींनाही राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळते. इथल्या भारतीय कुटुंबांना हे बहुधा माहीत नसतं.

घरच्यांशी बोलताना

ते आले तर बोला, आपण होऊन गाठू नका. ‘त्यांच्यासाठी उभं राहायला मिळालं, हा आमचा मान’ एवढं पुरतं. ‘ते आता चांगल्या जागी आहेत’, ‘देवाची इच्छा’, ‘निदान देशासाठी गेले’ यांतलं काहीही नको. मृत्यू कसा झाला हे विचारायचं नाही. आत्महत्येने गेलेल्या सैनिकांचीही मिशन असतात आणि सूचनेत ते लिहिलेलं नसतं.

फोटोंसाठी बहुधा एकाच स्वयंसेवकाला नेमलेलं असतं आणि तोही घरच्यांनी परवानगी दिलेलेच फोटो काढतो. बाकीच्यांनी फोन खिशात ठेवावेत. शवपेटी, रडणारी माणसं, लहान मुलं यांचा फोटो कुठेही टाकू नका. झेंड्यापुढे उभं राहून सेल्फी तर नकोच. संध्याकाळी घरी गेल्यावर ‘आज गेलो होतो’ असं लिहावंसं वाटतं, ते समजण्यासारखं आहे, पण नाव आणि जागा गाळून लिहा.

जेवणाचं आमंत्रण कुटुंबाकडून आलं तर कॅप्टनकडे पाहा. तो जातो म्हणाला तर थोडा वेळ जावं, सगळ्या गटाने ताटं भरून बसू नये.

निघण्याआधी

कॅप्टनने ‘मिशन संपलं’ म्हटल्याशिवाय निघायचं नाही, आणि निघताना एकेकट्याने, हळू. उसना घेतलेला झेंडा दांड्याभोवती गुंडाळून परत द्या. पावसात भिजला असेल तर तसं सांगा, कारण ओला गुंडाळलेला झेंडा दोन दिवसांत बुरशीने डागाळतो. स्वतःचा असेल तर घरी उलगडून वाळवा. कडा उसवल्या असतील तर शिवून घेता येतात, राष्ट्रध्वज दुरुस्त करायला बंदी नाही. दुरुस्तीपलीकडे गेलेला झेंडा कचऱ्यात टाकू नका. जवळच्या अमेरिकन लीजन किंवा व्हीएफडब्ल्यू पोस्टवर नेऊन द्या. पुष्कळ पोस्टच्या दाराशी त्यासाठी पेटी ठेवलेली असते आणि १४ जूनच्या ध्वजदिनाच्या सुमारास असे झेंडे रीतसर जाळण्याचा कार्यक्रम होतो.